परातीतली मूठ

हसनाबादच्या समाजमंदिरात भरदुपारी अंधार केला होता. खिडक्यांना घोंगड्या, वर एकच लाल दिवा आणि खाली परातीभोवती निम्मं गाव. गावात आलेल्या महाराजांनी कोरा कागद सगळ्यांना दाखवला, उलटून दाखवला आणि परातीतल्या तीर्थात सोडला.

"ज्यानं करणी केली त्याचं थोबाड आता पाणीच दाखवंल! जल्दी करू नका. देवाचं टायपिंग चालू हाय!"

कागदावर आधी धूर पसरावा तसं काही आलं. मग कपाळ. मग डोळे. बाया किंचाळल्या, "दुर्गाबाई!"

सर्जेरावांचा नातू आठ दिवस तापानं फणफणत होता, आणि दुर्गाबाई त्याला तेल लावायला जायची. माझ्या लेकीलाही तीच न्हाऊ घालते. म्हातारी कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती.

सर्जेराव उठले. "आजच गाव सोडायचं, म्हातारे. न्हाई तर ओढत काढू."

"दादा, म्या त्या लेकराला अंगाखांद्यावर खेळवून राह्यले..." तिचं कुणी ऐकेना.

मी मात्र त्या तीर्थाच्या वासानं थबकले होते. घनसावंगीत माझ्या अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या बोटांना हाच वास यायचा. अशाच लाल दिव्याखाली मी अख्खी वऱ्हाडं पाण्यातून वर येताना पाहिलीत. मोबाइल आले, स्टुडिओ मिटला. आता फोटो बोट टेकताच दिसतो. तो कधी असा हळूहळू उमटायचा, हे गाव विसरलं. त्या विसरण्यावर महाराजांचं दुकान चाललं होतं.

लेकीला कडेवर सावरत मी वाकले. कागदातल्या दुर्गाबाईच्या पदराला एक इवली मूठ धरून होती. मनगटात काळे मणी. तेच मणी या क्षणी माझ्या मानेला टोचत होते. बारशाचा फोटो! मीच व्हॉट्सअॅपच्या डीपीला ठेवलेला. आणि नोंदणीच्या नावाखाली माझा नंबर घेऊन गेला होता तो महाराजांचा चेला, मच्छिंद्र.

"महाराज, एक कोरा कागद मला द्या."

"बाई, हे लेकुरवाळीचं काम न्हाई. उजेड लागला तर देव कोपंल."

"देव न्हाई, कागद कोपंल!"

कुणीतरी हसलं. तेवढ्यात मी महाराजांजवळच्या काळ्या पाकिटातून कागद ओढला, लेकीचा तळवा त्यावर पसरला, मोबाइलची बत्ती क्षणभर मारली आणि कागद परातीत सोडला. तो काळाकुट्ट झाला. मधोमध पाच पांढरी बोटं.

"सर्जेरावदादा, पाण्यात दिसंल ते करणीवालं ना? मंग काढा माझ्या आठ महिन्यांच्या पोरीला गावाबाहेर!"

सर्जेराव बसले. मच्छिंद्र दाराकडं सरकला, तर बायांनी दारच अडवलं.

मी सांगितलं: काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून फोटो पारदर्शक कागदावर छापायचा, अंधारात फोटोच्या कागदावर ठेवून वरून उजेड मारायचा. कागद कोराच दिसतो. तीर्थ म्हणजे फोटो धुण्याचं औषध. त्यात पडला की चेहरा येतो. चेहरा कुणाचा? गावाचा संशय ज्याच्यावर, त्याचा. त्याचा फोटो चेल्यानं मोबाइलवरून आधीच काढून घेतलेला.

मी घोंगडी ओढली. उजेड लागताच त्या कागदावरची दुर्गाबाई परातीत काळवंडत गेली. खरी मात्र पदर खोचून पुढं आली. "पोराला दवाखान्यात न्या आधी. माझं मंग बघा."

दवाखान्याकडं निघालेल्या जीपमध्ये सर्जेरावांच्या नातवाला मांडीवर घेऊन तीच बसली.

उद्या दुसऱ्या गावात दुसरी परात मांडली जाईल. हात जोडू नका. आधी उठून खिडकीवरची घोंगडी काढा.