मामांचे दहा गुण

मॅडमनी गुणांचा तक्ता दुसऱ्यांदा वाचला आणि तो घेऊन सरळ कॉलेजच्या कार्यशाळेत गेल्या. फिटर मामा लोखंड आवळून धरायच्या व्हाइसवरचा कीस ब्रशने झाडत होते.

"मामा, सादरीकरणात पहिल्या आलेल्या गटाला शून्य?"

यंदापासून अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे दहा गुण मामांच्या हातात होते. कल्पना मॅडमचीच. कोणता विद्यार्थी खरं काम करतो हे मामांपेक्षा जास्त कोणाला माहीत, असं म्हणत त्यांनी बैठकीत भांडून ती मान्य करून घेतली होती.

"त्यांच्या यंत्रावर एका हाताने कागद कापता येतो," मॅडम म्हणाल्या. "एक हात गमावलेल्या पुस्तक-बाइंडरने स्वतः चालवून पाहिलं. पात्याची पट्टी काय अलगद सरकते!"

"सरकणारच. मी घासलीय ती."

मॅडम स्टुलावर टेकल्या.

"चार दिवस झटली पोरं," मामा म्हणाले. "पट्टी कधी सैल, कधी घट्ट. सादरीकरण उद्यावर आलं, एकीच्या डोळ्यांत पाणी. मला बघवेना. म्हटलं, आण इकडे." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "यंदा गुण माझ्या हातात दिलेत, म्हणून खरं ते लिहिलं. नाहीतर वर्षानुवर्षं हेच करत आलोय. शून्य खरं तर मला द्या."

"वर्षानुवर्षं?"

पंधरा वर्षांपूर्वी मॅडम इथेच शिकल्या होत्या. त्यांचं बक्षीस मिळालेलं छोटं यंत्र विभागाच्या काचेच्या कपाटात अजून होतं.

"माझ्या यंत्राची खाच तुम्ही थोडीशीच सारखी केली होती, ना मामा?"

"थोडीशीच," मामा खिडकीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गटाला निरोप गेला: पट्टी स्वतः करा, आठ दिवसांत, मग गुण. पोरं कुरकुरली, पण आली. पलीकडच्या व्हाइसपाशी मॅडम बाह्या दुमडून उभ्या होत्या. त्यांनीही एक पट्टी आवळली होती आणि कानस हातात घेतली होती.

तासाभराने त्यांनी पट्टीची कड सरळ आहे का ते बघायला तिला गुण्या लावला आणि ती उजेडात धरली. मधून केसाएवढी नव्हे, चांगली नखाएवढी जाड फट दिसत होती.

त्या दिवशी रडलेली मुलगी शेजारून डोकावली.

"मॅडम, माझीही अशीच येतेय हो."

दोघींनी मामांकडे पाहिलं. मामा एक पाऊल पुढे आले, थांबले, आणि दोन्ही हात खिशात घातले.

"मग बघताय काय? घासा परत."