मुकी कोणती?

वर्ग : तिसरी. पट : एकेचाळीस.

चाळीस ऐकणारे, आणि जयवंता. जन्मतः बहिरी, म्हणून मुकी. १९७३ च्या जूनमध्ये वर्गाच्या बाई यमुताई स्वतः कोष्टीपुऱ्यात जाऊन तिला शाळेत घेऊन आल्या. बाप लहानू माग थांबवून म्हणाला होता, "शाळेत काय करीन ते, बाई? घरी सुताच्या कांड्या भरून राहिली, बरं आहे."

"घरी तिच्याशी बोलता कसे?"

"हातानं. आम्ही सगळेच. तीन मागाच्या खटखटीत मी तोंडानं बोललो तं म्हातारी म्हणते, काहून बोंबलून राहिला गा, मी बहिरी आहो का?" लहानू हसला. मग पोरीकडं पाहून थांबला.

हेडमास्तर म्हणाले, ठेवा. पण डिप्टी साहेब तपासणीला येतील, त्यांनी हो म्हटलं तरच नाव राहील.

शिकवण्याची पद्धत : (रकान्यात दोनच ओळींची जागा.)

यमुताई मागावरची बोटं शिकल्या, वर्गाला शिकवली, नव्हती ती पोरांनी बनवली. दिवाळीपर्यंत डब्यातल्या लोणच्याचे सौदेही बोटांनीच व्हायला लागले. एकदा जयवंतानं कवडूला बोटांनी अशी शिवी दिली, की तो रडत आला. यमुताईंनी तिला बाकावर उभं केलं आणि दिवसभर त्यांना आतून फार बरं वाटत राहिलं. शिक्षा होण्याइतकी ती वर्गातली झाली

(जागा संपली.)

विद्यार्थ्यांची उत्तरे :

जानेवारीत डिप्टी साहेब आले. "सात आठे किती?"

आवाज नाही. एकेचाळीस पोरांनी आधी पाच बोटं दाखवली, मग सहा.

साहेबांनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. "यांच्यातली मुकी कोणती?"

त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्या वेळी यमुताईंनी गप्प राहायचं होतं. एवढंच करायचं होतं.

"का हो बाई, सगळ्या वर्गाचीच वाचा गेली का? काय करून ठेवलं हे?"

यमुताई घाबरल्या. नोकरीसाठी. नाही, ते कारण मागाहून सुचलं. नुसत्याच घाबरल्या.

"तोंडानं सांगा रे," त्या म्हणाल्या.

चाळीस तोंडं छप्पन्न म्हणाली. एक हात वरच राहिला. पाच. सहा. मग पुन्हा पाच, पुन्हा सहा, कारण बाईंनी अजून बरोबर म्हटलं नव्हतं.

"ही," साहेब म्हणाले.

शेरा : एका मुलीमुळे वर्ग मुका होत आहे. नाव कमी करावे. हातवारे बंद करावेत.

केलेली कार्यवाही :

लहानू दारात चपला काढून उभा राहिला. यमुताई काही बोलायच्या आत म्हणाला, "तुमच्यावर राग नाही, बाई. पण इले काय सांगू? धागा तुटला, कांडी आण, पाणी दे, एवढंच येते आमच्या हाताले. काहून नेऊन राहिलो, हे कसं सांगतात?"

यमुताईंना ते येत नव्हतं. वर्गातल्या कोणालाच येत नव्हतं. जयवंता दप्तर घेऊन बापाच्या मागं गेली. सुट्टी लागली असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी पाढे. कवडूनं बाकाखालून शेजारच्याला उत्तर दाखवलं. यमुताई जवळ गेल्या, त्याचा हात धरून बाकावर ठेवला आणि बोटांवर फूटपट्टी मारली.

"तोंडानं," त्या म्हणाल्या.