काकांची बढती

टायरच्या दुकानावरचा हॉल. रांग जिन्यावरून खाली फुटपाथपर्यंत. आणि एवढ्या माणसांत साधी कुजबुज नाही. कारण नियमच तसा आहे: नाव नोंदवल्यापासून दर्शन होईपर्यंत आपलं दुखणं कोणापाशी बोलायचं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशीही नाही.

पुढे बाबा बसलेले. लोक त्यांना अंतर्यामी म्हणतात. शेजारी भिंतीएवढा स्क्रीन, त्यावर त्यांची वेबसाइट. डाव्या बाजूला एक रिकामी पट्टी आणि तिच्यावर लिहिलेलं, 'तुझे मार्ग'. तुम्ही समोर बसता, डोळे मिटता. सेवेकरी तुमचा मोबाईल नंबर टाकून हजेरी लावतो. आणि त्या पट्टीत ओळी उमटायला लागतात.

त्या दिवशी कपडे शिवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. पहिली ओळ आली, 'जावयाचं व्यसन'. खाली दुसरी, 'मुलगी माहेरी परतली'. बाई तिथेच हुंदके द्यायला लागल्या.

"आम्ही काही विचारलं?" बाबा म्हणाले.

"नाही."

"तू काही बोललीस?"

"नाही बाबा."

"मग कोण बोललं? तुझ्या आत बसलाय तो बोलला. आम्ही नुसतं त्याला नेट दिलं."

हे वाक्य ते रोज म्हणतात. लोकांच्या अंगावर रोज काटा येतो.

मी गेलो होतो मावशीमुळे. तिच्या छातीत गाठ आहे. डॉक्टरांनी सुई घालून तपासायला सांगितलं होतं, तारीखही दिली होती. पण मावशी आधी इथे येऊन बसली आणि तिच्या पट्टीत पहिलीच ओळ आली, 'छातीतली गाठ'. बाबा म्हणाले, सुई लावलीस की गाठ चिडते, नाम घे, विरघळेल. मावशीनं तपासणी रद्द केली. मला हे तिनं भांडी घासता घासता सांगितलं, दूधवाला बदलल्यासारखं.

"गाठीचं तू आधी कोणाला सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"कोणाला नाही. तुझ्या आईलाही नाही."

"नाव कुठे नोंदवलंस?"

"साइटवर. मोबाईल नंबर टाकला. मग तिथे लेख असतात, ते वाचायचे. मन जिथे ओलं होईल तिथे थांबायचं, असं लिहिलंय."

"तू कुठे थांबलीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की याला काही कळतं का. "गाठीवर. आणखी कुठे थांबणार?"

"मग सांगितलंस की."

"कुठे सांगितलं? तोंड उघडलं का मी?"

इथेच सगळी गोम आहे. तोंड मिटलेलं होतं, म्हणजे आपण सांगितलं नाही. बोटानं सांगितलेलं कोणी धरतच नाही. उलट ते मौन पाळल्यामुळे खात्री आणखी पक्की होते.

मी छोट्या दुकानांच्या वेबसाइट करतो. कोणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून आणि चुका करून शिकलो. बाबांच्या पानाचा कोड उघडून बघितला, तो कोणालाही बघता येतो. त्यात एक प्लगइन निघालं. प्लगइन म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा. हेच प्लगइन मी एका फरशीवाल्याच्या साइटला लावलंय. तुम्ही काय उघडलं, किती वेळ वाचलं, हे ते तुमच्या नंबरापुढे लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी त्यावरून लिंकांची यादी आपोआप मांडतं. फरशीवाल्याकडे बाथरूमच्या टाइल्स बघितल्या तर टाइल्स वर येतात. बाबांकडे गाठ बघितली तर गाठ वर येते. बस. आत कोणी बसलेलं नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं.

"चार व्हिडिओ बघून शहाणा झालास," ती म्हणाली. "तुझ्या फरशीवाल्याला सांग मग माझी गाठ ओळखायला."

वाद घालून उपयोग नव्हता. काका जाऊन दोन वर्षं झाली, पण मावशी त्यांच्या मोबाईलचा रिचार्ज अजून करते. का, ते आम्ही कोणी विचारत नाही. मी म्हटलं, काकांच्या नंबरावरून नाव नोंदव. घरच्या माणसासाठी बसलेलं चालतं तिथे. आणि काय दाबायचं ते तूच ठरव, मी हातही लावत नाही.

तिनं काकांचा फोन आणला आणि 'यजमानांसाठी' म्हणून नाव नोंदवलं. मग यादी वरखाली केली.

"बढती दाबते," ती म्हणाली. "जन्मभर एकाच टेबलावर बसवलं यांना."

तिनं 'नोकरीत बढती' उघडलं आणि तिथेच थांबली. खरंच वाचत होती की काय, कोण जाणे.

दर्शनाच्या दिवशी मी तिच्या मागे बसलो. सेवेकऱ्यानं काकांचा नंबर टाकला. मावशीनं डोळे मिटले नाहीत. पट्टीत ओळ उमटली, 'नोकरीत बढती'.

बाबा हसले. "यजमानांची काळजी आहे. महिनाभरात खुर्ची बदलते. हसत घरी येतील बघ."

"कुठून येतील?" मावशी म्हणाली. "गेले ते. दोन वर्षं झाली."

रांगेतल्या माना वर झाल्या. सेवेकरी पुटपुटला, "सर्व्हरवर लोड आहे." बाबांनी डोळे मिटले, उघडले.

"आत्म्यालाही बढती असते, माई."

आणि हॉलनं सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगतो, मला ऐकू आला तो. मी उठून प्लगइनचं सांगायला लागलो तर मागून एक जण म्हणाला, "भाऊ, खाली बसा, पुढचा नंबर माझा आहे." शिवणाऱ्या बाई आज पुन्हा आल्या होत्या. त्या मावशीला हळूच म्हणाल्या, "तुमचीच श्रद्धा कमी पडली."

रांगेतला एकही माणूस उठला नाही. फक्त मावशी उठली. जिना उतरताना म्हणाली, "ती तपासणीची तारीख परत मिळते का बघ."

मिळाली. डॉक्टरीणबाईंनी आधीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, "मधे कुठे होतात?" गाठ वाढली होती आणि साधी नव्हती. आता ऑपरेशन आहे, मग औषधं आहेत, मग काय ते बघू. आधी आली असती तर सोपं गेलं असतं, हे डॉक्टरीणबाई स्वच्छ शब्दांत म्हणाल्या.

बाबांचा हॉल अजून भरतो. तुमच्या घरातलंही कोणी त्या रांगेत असेल. त्यांच्याशी भांडू नका, चिडवू नका. एवढंच सांगा, की पुढच्या वेळी मुद्दाम खोटं दाबा. गुडघा दुखत असेल तर कोर्टकचेरी दाबा. जो खरंच मनातलं ओळखतो, तो गुडघाच ओळखेल. कोर्ट ओळखलं, तर तिथून उठा आणि गुडघा डॉक्टरला दाखवा. त्याच दिवशी.