वीस निरोगी माणसं

माझी सहायक मनस्विनी हिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढून ती बसली. एरवी ती बसत नाही. माझ्या प्रयोगशाळेत कुणी बसून बोललेलं मला खपत नाही, हे तिला ठाऊक आहे.

"मॅडम, तुमचे जुने नमुने नव्या चाचणीने तपासले. ते वीस निरोगी होते ना, त्यातल्या तेरा जणांच्या रक्तात विषाणूच्या खुणा आहेत."

"नळ्या बदलल्या असशील तू."

"तीनदा तपासलं, मॅडम."

मी तिच्यावर खेकसले आणि चौथ्यांदा स्वतः तपासलं. तेराच.

बारा वर्षांपूर्वी माझी पीएचडी गोचिडीच्या तापावर झाली. आजारी कोण हे ठरवायला आधी निरोगी माणसांचं रक्त लागतं. त्यात जेवढ्या खुणा दिसतील त्यापेक्षा जास्त ज्याच्या रक्तात, तो आजारी. ही माझी मोजपट्टी. रक्त म्हटलं की गावोगावी लोक दारं लावून घेत, म्हणून मी सरळ मालगुंडजवळच्या आमच्या बौद्धवाडीत गेले. घरच्या लेकीला कोण नाही म्हणणार? तापाने कधी अंथरूण धरलं होतं का, असं एकेकाला विचारलं. वीसच्या वीस जण नाही म्हणाले. त्या मोजपट्टीवर मी ठरवून टाकलं, की हा ताप डोंगरात आहे, किनाऱ्याच्या आंबाबागांत नाही. निबंध छापून आला, सत्कार झाले, रत्नागिरीत ही नोकरी मिळाली. किनाऱ्यावर या तापाची तपासणी बंद झाली.

मोजपट्टीच आजाऱ्यांच्या रक्ताची निघाली, तर आजारी माणूस निरोगीच दिसणार. बारा वर्षं दिसत होता.

मी स्कूटर काढली आणि तडक वाडीत घरी गेले. बाबा पडवीत नारळ सोलत होते. भिकू राखणदार म्हटलं की ते अजून आसपासच्या बागवाल्यांना आठवतात. आयुष्य बागांच्या राखणीत गेलं त्यांचं.

"बाबा, मी रक्त घ्यायला आले होते, त्याआधी वाडीत कुणाला ताप येऊन गेला होता?"

"व्हता की. बागेत पाचोळा झाडणाऱ्या सगळ्यांनाच. मला पण. पंधरा दिस उठलो नाय."

"मग मला नाही का म्हणालात?"

ते हसले. चक्क हसले! "तूच बोलली व्हतीस ना गो बाय, ताप आलेला माणूस चालायचा नाय. माणसं कमी पडली तर तुझी परीक्षा फुकट गेली असती. आदल्या दिशी मी घरोघर फिरलो. म्हटलं, पोरगी इचारील, नाय म्हणा."

मला भयंकर संताप आला आणि तो काढावा कुणावर हेच कळेना. वाडीतली पहिली डॉक्टर होणार होते मी, त्यांनी मला पास केलं होतं. आणि मी? आंबाबागेत राबणारी वीस माणसं, एकालाही ताप नाही, असं कॉलेजातल्या पोराने लिहून आणलं असतं तर मी वही फेकून दिली असती. मला ते उत्तर हवं होतं, म्हणून पटलं.

"माझं सगळं संशोधन चुकलंय, बाबा. हा ताप इथे होता. अजून आहे. मी नाही म्हणून छापलं."

"मग आता?"

"उद्याच कळवणार. निबंध मागे घेणार. तपासणी परत सुरू व्हायला हवी."

"नोकरी जायल?"

"गेली तर गेली."

बाबांनी कोयता खाली ठेवला. चंपाआत्या ही त्यांची धाकटी बहीण, तीन वर्षांपूर्वी तापात गेली. मी तेव्हा परदेशात एका परिषदेत होते. ते तिच्या बंद घराकडे बघत राहिले.

"चंपाच्या नाकातून रगत येत व्हतं," ते म्हणाले. "मी डाक्टरला इचारलं, गोचिडीचा ताप तर नसंल? तो बोलला, ह्या पट्ट्यात तो नसतोच, तसं छापून आलंय."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"मी म्हटलं, छापलंय ते आमच्या रेणुकेनंच. म्हटलं, मग नसंल. आणि चंपाला घरी घेऊन आलो."