चेलनाची अळी

चंपालालजींनी वाडग्यात बेडूकमासा सोडला आणि तोंड फिरवलं. मागे अळीनं झडप घातली, पाण्यात खळबळ झाली, मग थांबली.

"झालं?" गुलाबबाईंनी दारातून विचारलं.

"झालं. आज माझा उपास."

"परवा पण उपासच होता. कुठवर चालायचं असं?"

"तिचं पोट भरेपर्यंत."

चंपालालजी पक्के जैन. धुळ्यात त्यांच्या कापडदुकानापेक्षा त्यांचं पाणी गाळणंच जास्त प्रसिद्ध. जीव मरू नये म्हणून नळाचं पाणीसुद्धा फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं जळगावच्या कॉलेजात पाणभुंग्यांच्या अळ्या ओळखण्याचा अभ्यास घ्यावा! ही अळी जिवंत शिकारच धरते. दोन एकत्र ठेवल्या तर एकमेकींनाही सोडत नाहीत. सुट्टीत घरी आली की चेलना बापाच्या नजरेआड, गॅलरीत तिला भरवायची. पायांवरचे केस भिंगाखाली बघून तिनं या अळीची जात ठरवली होती. सर म्हणाले होते, भुंगा होऊ दे, मग खरं मानू.

त्याआधीच पारोळ्याजवळ चेलनाची बस उलटली. चंपालालजी दवाखान्यात पोचले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. जाणाऱ्याच्या कानात नवकार मंत्र म्हणायचा असतो. लेकीसाठी तेवढंही आपल्या हातून झालं नाही, या विचारानं ते आतल्या आत जळत होते. गॅलरीतलं अळीचं वाडगं मात्र त्यांनी कुणाला हलवू दिलं नाही. प्रत्येक बेडूकमाशामागं एक उपास, असा हिशोब त्यांनीच स्वतःला लावून घेतला.

एक दिवस अळीनं खाणं सोडलं. चेलनाची मैत्रीण कामिनी हिनं फोनवर सांगितल्याप्रमाणे त्यांनी अळीला ओल्या मातीवर ठेवलं. ती आत शिरली. काही आठवड्यांनी माती फुटली आणि काळपट हिरवा भुंगा वर आला.

कामिनी जळगावहून आली. भिंगातून बघता बघता तिचे डोळे भरले.

"काका, चेलनाच बरोबर होती. तिनं सांगितलेलाच भुंगा आहे हा."

गुलाबबाईंनी पदर तोंडाला लावला. कामिनी मात्र घुटमळत होती.

"पुरावा म्हणून याला स्पिरिटमध्ये ठेवावं लागतं, काका. तुम्ही नको म्हणाल तर फोटोवर भागवू. सर मानतील का, ते नाही सांगता येत."

"चेलना काय करायची, बेटा?"

"ती बाटलीत टाकायची. पण आधी नवकार म्हणायची. आम्ही हसायचो तिला."

लेकीचं हे चंपालालजींना ठाऊकच नव्हतं.

"आण ती बाटली," ते म्हणाले.

तळहातावरच्या भुंग्याशी ते अगदी जवळ वाकले. नवकार पुरा झाल्यावर त्यांनी भुंगा स्वतःच्या हातानं बाटलीत सोडला. कामिनीनं हळूच झाकण लावलं.

भुंगा केव्हाच शांत झाला होता. चंपालालजी मात्र लेकीच्या कानाशी वाकावं तसे बाटलीशी वाकून, हलक्या आवाजात नवकार म्हणतच राहिले.