पाटीवरच्या मांसाचं घरचं नाव

मी तैवानातल्या ताइनानच्या बाजारातल्या एका गाळ्याच्या पाटीवरचं चिनी अक्षर बोलतंय. माझा अर्थ 'मांस'. जात्याच भित्रं आहे मी, तेव्हा जरा समजून घ्या.

हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मांसाचा कापलेला तुकडा बघून तसाच रेखाटला. बाहेर चौकट, आत दोन-चार रेघा, झाला माझा जन्म. रूप एकच, हाका मात्र निरनिराळ्या. जपानी साहेबांच्या अमलात मला 'निकू' म्हणत. मागाहून चीनहून आलेल्या सरकारच्या शाळांतून 'रौ' आलं. पण ज्या कसायानं मला या पाटीवर लाल रंगानं काढलं, तो म्हणायचा 'बाह्', शेवट घशातच तोडून. तेच माझं घरचं नाव.

त्याची लेक ग्वेत-क्यो. शाळेत घरची भाषा बोलली म्हणून मास्तरांनी तिच्या गळ्यात लाकडी फळी अडकवली, वर्ग हसला. ती गाळ्यावर येऊन रडली, ते मी वरून पाहिलं. पुढे गाळा तिच्याकडे आला. गिऱ्हाइकांशी ती 'बाह्' म्हणे, पण नात यू-छन जवळ आली की लगेच 'रौ'. पोरीला कुणी हसू नये, एवढंच तिच्या मनात. माझ्या मनात मात्र दुसरंच. हिच्यामागे मला घरच्या नावानं कोण हाक मारणार?

यंदा आजीला पक्षाघाताचा झटका आला. एक हात गेला आणि शाळेची भाषा साफ पुसली गेली. उरली ती फक्त घरची. गाळा आता यू-छन चालवते. आजी शेजारी बसून काही मागते, समजावते, चिडते. नातीला ओ की ठो कळत नाही.

परवा यू-छनला रडूच फुटलं. "आजी, एक शब्द तरी कळू दे गं मला." आजीला तेही कळलं नाही. मग पोरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझा जीव टांगणीला लागला.

"बाह्," आजी म्हणाली.

"बाह्," नातीनं म्हणून पाहिलं.

आजी दचकली. धड हातानं तिनं पोरीचं तोंड दाबलं आणि घाबरून चहूकडे पाहू लागली, मास्तर कुठे दिसतात का ते. यू-छननं तो हात काढला नाही. तळव्याखालूनच ती पुन्हा म्हणाली, "बाह्."

मास्तर कधीच गेले, हे मला आजीला सांगता येत नाही. तेव्हा बाजारात आलात, तर या गाळ्यापाशी थांबा आणि मला माझ्या घरच्या नावानं हाक मारा. जरा मोठ्यानं मारा, तिला ऐकू जाऊ दे.