धोंडिरामाचं गाव

भेंडीच्या सरीत खुरपं आपटून द्रौपदी नवऱ्याला म्हणाली, "राजारामभावजींना इस्पितळातनं दुसऱ्यांदा बोलावणं आलं. मग तुमास्नी का न्हाई?"

मुलुंडच्या डोंगराखालचा तो खंडानं घेतलेला तुकडा. उन्हानं मातीला भेगा पडलेल्या. धोंडिराम एका डोळ्यानं भेंडी तोडत होता. दुसरा, कॅन्सरच्या गाठीसकट, गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या इस्पितळात काढला होता. कांदिवलीचा राजाराम तिथंच शेजारच्या खाटेवर, त्याच दुखण्यानं. डॉक्टरांनी दोघांना बजावलं होतं : डोळा गेला तरी रोग यकृतात उतरतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून पाहायचं.

"माजं नाव गावाकडं, खडकवाडीला धाडलंय. आपल्या जिल्ह्यात बघत्याल."

"खडकवाडी कुनी सांगितली त्यास्नी?"

"कारकुनानं इचारलं, कुठलं तुमी? मग काय मुलुंडचा म्हनू? बापाची राख मुलुंडात हाय व्हय माज्या?"

"आन् तुमी हितं काय पाव्हनं आलाय? हयात गेली की हितं!"

मुंबईत पोट भरणाऱ्याला कुठला म्हणून विचारलं, की तो राहती चाळ सांगत नाही, गाव सांगतो. ही त्याची रीत. इस्पितळाची रीत निराळी : शहरवाल्याचं यकृत शहरानं पाहावं, बाहेरच्याचं ज्याच्या त्याच्या जिल्ह्यानं. रोगाला ही हद्द कुणी कळवली नव्हती.

दोघं जिल्ह्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला नि हसून म्हणाले, "डोळाच राहिला नाही बाबा, मग डोळ्याचा कॅन्सर कसला?"

"पर सायेब, तिकडं यकृत बघत्यात."

"तिकडं बघत असतील. इकडं ती पद्धत नाही."

"साप शिरला कोठीत, आन् ही उकिरड्यात काठ्या मारत्यात," द्रौपदी एसटीत कडाडली.

मुंबईत उतरताच मुलुंडच्या पत्त्याचं रेशनकार्ड कमरेला खोचून तिनं नवऱ्याला मोठ्या इस्पितळात नेऊन उभं केलं.

कारकून म्हणाला, "बाई, एकदा बाहेरगावी लावलेला पेशंट परत घेत नाही."

"मग मी हितंच बसते. घाला माज्यावरनं येरझाऱ्या," म्हणत तिनं दारातच बैठक मारली.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. ऐकून घेतलं, धोंडिरामाला आत नेलं. यकृत साफ निघालं, या खेपेपुरतं. "पुढं काही दिसलंच, तर औषध फारसं नाही," ते म्हणाले. "पण लवकर दिसलं तर धडपड तरी करता येते."

पुढची तारीख घालताना कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कुठले तुम्ही?"

खडकवाडी ओठापर्यंत आली. द्रौपदीनं कमरेचं रेशनकार्ड काढून त्याच्या पुढ्यात धरलं.

"मुलुंडचा," धोंडिराम म्हणाला.

बाहेर येऊन तो पायरीवर बसला. "खडकवाडीचा धोंडिराम मेला गं आज."

"मरू दे मेला. मुलुंडचा जगला न्हवं, सा म्हैन्यापुरता? उठा. भेंडी निबर हुईल."